बादली नसलेलं हेलिकॉप्टर

मी हवाई दलात वीस वर्षं फिटर होतो. विमान कधी उडवलं नाही. हे आधीच सांगतो, कारण गावात मी ते कधी धड सांगितलं नाही. सुट्टीवर आलो की कट्ट्यावरची माणसं "आलं का पायलट" म्हणायची आणि मी नुसता हसायचो.

आमचं गाव कोल्हापूरच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी. खाली घरं, त्यांच्यावर गाडीवाट, वाटेच्या वर गोठे आणि गवताच्या गंज्या, आणि तिथून लगेच डोंगर चढायला लागतो. होळीच्या आगेमागे डोंगरावरचं कुसळीचं गवत वाळून कागदासारखं होतं आणि दरवर्षी कुणीतरी त्याला काडी लावतंच. जुनं जळालं की पावसाळ्यात नवं जोमानं फुटतं, अशी समजूत. कुणी लावलं हे गावात कुणी विचारत नाही. वणवा खाली यायला लागला की मात्र सगळे वर जातात.

वर जाऊन काय करायचं ते माझ्या चुलत्यांना ठाऊक होतं. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. डोंगरावर पाणी नसतं, म्हणून आग आगीनंच मारावी लागते. वणवा लांब असतानाच तात्या डोंगराला आडवा असा एक पट्टा स्वतः पेटवायचे. दर दहा पावलांवर एक माणूस, प्रत्येकाच्या हातात करंजाची नाहीतर निरगुडीची ओली डहाळी. आग खालच्या अंगाला सरकली की बडवून विझवायची, वरच्या अंगाला जाऊ द्यायची. ती वर चढत जाते, उतरत्या वणव्याला भेटते आणि खायला गवत उरलं नाही की दोन्ही मरतात. ऐकायला सोपं आहे. पण ओळीतली माणसं हलली, तर आपणच लावलेली आग आपल्याच पाठीमागून निघते.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. ज्या सुट्टीची ही गोष्ट, तिच्या आधीच्या उन्हाळ्यात मी उत्तरेकडे, डोंगराळ भागातल्या एका तळावर होतो. तिथल्या चिडाच्या जंगलाला आग लागली आणि आमच्या एका हेलिकॉप्टरला पाण्याची बादली लावली. नारिंगी रंगाची, जाड रबरी कापडाची, माणूस उभा राहील एवढी खोल. दोरखंडानं पोटाखाली लटकवायची, तलावात बुडवायची, आगीवर नेऊन तळाचं तोंड उघडायचं. माझं काम बादली अडकवायचा आकडा आणि दोर तपासायचं, एवढंच. पाणी कसं पडतं ते मी लांबून दोनदा पाहिलं. अर्धं तर वाऱ्यातच उडून गेलं होतं. आग विझली ती पुढे कधीतरी, आणि खाली फावडी घेऊन राबणाऱ्या जवानांमुळे, असं तिथलेच लोक म्हणत होते.

सुट्टीवर आल्यावर कट्ट्यावर मी हे असं सांगितलं नाही. बादली सांगितली, रंग सांगितला, तलावातून पाणी उचलताना उठणाऱ्या लाटा सांगितल्या. अख्खा डोंगर एका फेरीत गार होतो म्हणालो. एक गोष्ट खरी सांगितली: पाणी पडताना खाली माणूस नको, त्या मारानं झाडाच्या फांद्या तुटतात, म्हणून हेलिकॉप्टर आलं की खालच्यांनी आधी बाजूला व्हायचं असतं. ती खरी गोष्टच पुढे सगळ्यात वाईट ठरली.

तात्या विडी ओढत ऐकत होते. म्हणाले, "पाणी मायंदाळ असंल रं. पर आमच्या डोंगराचा पत्ता ठाऊक हाय का त्याला?"

माणसं हसली. मला ते लागलं. बेळगावला हवाई दलाचा तळ आहे, तिथून इथं यायला कितीसा वेळ, असं मी बोलून गेलो. तिथं तसली बादली आहे की नाही याची मला काहीही माहिती नव्हती. पण कुणीतरी तात्यांना म्हणालं, आता डहाळ्या आंघोळीचं पाणी तापवायला ठेवा, आणि हसू तात्यांच्या बाजूला वळलं. मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मी विसरू शकलेलो नाही.

चार दिवसांनी भर दुपारी डोंगराच्या माथ्यावर धूर दिसला. वारा खाली, गावाकडं होता. तात्यांनी हाळी दिली. नेहमी पंचवीस-तीस माणसं निघायची. त्या दिवशी दहा-बारा निघाली आणि बाकीची माझ्याकडं बघत राहिली. फोन लावतोस का, असं कुणीतरी विचारलं. मी एसटीडी बूथवर गेलो. कुणाला लावायचा हेच मला ठाऊक नव्हतं. शेवटी तालुक्याच्या कचेरीत लावला. साहेब दौऱ्यावर आहेत, आले की कानावर घालतो, असं उत्तर आलं. बूथबाहेर घोळका उभा होता. मी म्हणालो, "कळवलंय वर." हे खोटं नव्हतं, पण त्यांना काय ऐकू गेलं ते मला कळत होतं.

लाज वाटून मीही डहाळी तोडली आणि वर गेलो. तात्यांनी पट्टा पेटवला होता. त्यांच्या शेजारी त्यांचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला होता, रात्रपाळी करून आलेला, डोळे तांबारलेले. त्याच्यानंतर आणखी चौघे, मग मी.

लहानपणी वणवा लांबून पाहिला होता. जवळून पाहिला नव्हता. त्याला आवाज असतो. वाळला उसाचा पाला कुणीतरी ओढत नेतोय, हजार माणसं एकदम ओढत नेतायत, तसा. धुरात वरचा डोंगर दिसेनासा झाला आणि तो आवाज नेमका कुठून येतोय ते कळेना. भुवयांचे केस करपल्याचा वास आला तो माझ्याच भुवयांचा होता. एक ससा माझ्या पायांमधून खाली पळाला आणि माझे पाय त्याच्यामागं जायला निघाले. मी ते कसेबसे थांबवले. मेलो इथं, एवढंच डोक्यात होतं. आजूबाजूला सगळे बडवत होते. मीही बडवत होतो, पण माझं लक्ष आगीकडं नव्हतं. खाली जायची वाट कुठं आहे ते मी बघत होतो.

तेवढ्यात आवाज आला. आगीच्या वरून, जाड, धडधडता. मी तो झोपेतसुद्धा ओळखला असता. हवाई दलाचं, आमच्याच जातीचं हेलिकॉप्टर होतं. सगळ्यांची तोंडं वर झाली आणि मग माझ्याकडं वळली.

"पायलट, आलं का रं?"

धूर क्षणभर फाटला आणि मला ते दिसलं. खूप उंचावर होतं. सरळ दक्षिणेला, बेळगावच्या बाजूला चाललं होतं. पोटाखाली काही नव्हतं. बादली नाही, दोर नाही. आपल्या कामाला निघालेलं, वाटेत एक गाव जळतंय हे त्याला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. हे सगळं मला एका नजरेत कळलं. इतकी वर्षं तेच माझं काम होतं.

मी ओरडलो, "आलं. खाली चला, पाणी पडायच्या आत खाली चला."

मी चुकलो असतो तर आज हे लिहिलं नसतं. मी चुकलो नव्हतो. मला खाली पळायचं होतं आणि एकट्यानं पळायची लाज वाटत होती. सगळे पळाले तर माझं पळणं दिसणार नव्हतं.

ओळ मोडली. माणसं उड्या टाकत उतरली. मी सगळ्यांत पुढं होतो. मागं वळून बघितलं तेव्हा चुलतभाऊ तात्यांच्या दंडाला धरून ओढत होता. तात्यांनी हात झटकला आणि ते बडवत राहिले. मी पुन्हा ओरडलो, त्याचं नाव घेऊन. मग तोही खाली पळत सुटला.

गाडीवाटेवर आम्ही सगळे माना वर करून उभे राहिलो. काहीजणांनी टाळ्या वाजवल्या. आवाज बारीक होत गेला. कुणी म्हणालं, वळसा घालून येतंय. कुणी म्हणालं, पाणी आणायला गेलं असंल राधानगरीच्या धरणावर. वरती आमचाच पट्टा, राखायला कुणी नाही म्हणून, खालच्या अंगाला सुटला होता. तात्यांच्या पाठीमागून.

पुढचं मला सलग आठवत नाही. चुलतभाऊ पुन्हा वर धावला आणि चौघांनी त्याला धरून ठेवलं, तेव्हा तो कसा ओरडत होता ते आठवतं. दोन गंज्या पेटल्या, एक गोठा गेला, गुरं आधीच सोडली होती. आग गाडीवाटेवर येऊन अडली. मग तात्या धुरातून उतरले, स्वतःच्या पायांनी. दोन्ही हात पुढं धरले होते, जसं कुणी काही आणून देताना धरतो. हातांची कातडी लोंबत होती.

सरकारी दवाखान्यात तिसऱ्या दिवशी मी त्यांच्याजवळ एकटा होतो. हात कोपरापर्यंत बांधलेले. कुणी काही विचारेल या भीतीनं मी ते तीन दिवस कुणाच्या डोळ्यांत बघितलं नव्हतं. तिथंही मी खिडकीकडंच बघत होतो. तेच बोलले.

"बादली न्हवती त्येला."

मी मान हलवली.

"तूच सांगितलंतास की नारिंगी असती म्हणून. मी बघितलं. न्हवती." त्यांनी बांधलेले हात पोटावर ओढून घेतले. "आरडलो मी. पर तुमी समदी खाली पोचलासा."

मी काहीतरी बोलायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं नाही. म्हणाले, "माझं ऱ्हाऊ दे. पोरगं मनाला लावून घेतंय. बापाला टाकून पळालो म्हनतंय. त्येला सांग तू. मी सांगणार न्हाय, तू सांग."

मी हो म्हणालो. दोन दिवसांनी सुट्टी संपायच्या आधीच निघून गेलो.

त्यानंतर दरवर्षी सुट्टी आली की मला धडकी भरायची. रेल्वे मिरजेला पोचली की परतीची गाडी कधी आहे ते मी बघायचो. गावात त्या दिवसाची एक गोष्ट तयार झाली होती: हेलिकॉप्टर आलं होतं, पण धुरात पायलटला काही दिसलं नाही, म्हणून परत गेलं. माझा चुलतभाऊच ती सांगायचा. सांगताना माझ्याकडं बघायचा आणि मी मान डोलवायचो. तात्यांची बोटं आखडून तळहाताला चिकटली होती, त्यांना घास उचलता येत नव्हता. चुलतभाऊ रोज कामाची पाळी सांभाळून त्यांना भरवायचा. दोन्ही वेळा. मी समोर बसलेलो असायचो. तात्या घास चावत माझ्याकडं एकदा बघायचे आणि मग पाणी मागायचे. आज सांगतील, आता सांगतील, असं मला दर घासाला वाटायचं. ते कधीच बोलले नाहीत. मी त्यांना शब्द दिला होता आणि ते वाट बघत होते, एवढंच.

सहा वर्षांनी ते छातीच्या दुखण्यानं गेले. मी वेळेवर पोचलोही नाही.

नोकरी संपवून गावी आलो त्या वर्षी, माघात, गवत पुरतं वाळायच्या आधी चुलतभाऊ मला म्हणाला, वणव्याआधीच पट्टा जाळून ठेवू, चल. तात्यांच्या मागं हे काम तो एकटाच करत होता. दुपारची वेळ होती, वारा पडलेला. आम्ही दोघंच होतो. सकाळभर त्यानं गवत कापून ओळ आखली होती. खाली बसून तंबाखू मळताना तो सहज म्हणाला, "त्या दिवशी जरा खाली आलं असतं बघ दादा, तर पायलटला दिसलं असतं."

मी सांगितलं. सगळं सांगितलं, बूथवरचा फोन, मी काय बघितलं, मी काय ओरडलो आणि का. तात्यांनी दवाखान्यात काय सांगितलं तेही. सांगताना तो मला ढकलून देईल असं वाटत होतं. उतार तीव्र होता.

त्यानं मळलेली तंबाखू तशीच हातात धरली.

"म्हंजे तात्यास्नी ठाव हुतं."

"होतं."

"सहा वर्सं माझ्या हातनं जेवलं." मग म्हणाला, "मला वाटायचं रागावल्यात माझ्यावर, म्हणून बोलत न्हाईत."

तंबाखू त्यानं झटकून टाकली, उठला आणि एक डहाळी माझ्या हातात दिली. "पट्ट्याच्या टोकाला उभा ऱ्हा," म्हणाला. टोक म्हणजे जिथं तात्या उभे राहायचे. तो स्वतः दहा पावलं पुढं गेला, माझ्याकडं पाठ करून वाकला आणि काडी ओढली.

गवत अजून अर्धं ओलं होतं, आग गुडघ्याएवढीही नव्हती. तरी धूर अंगावर आला तसे माझे पाय खाली ओढ घेऊ लागले. मी डहाळी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि बडवत राहिलो. त्यानं एकदाही मागं वळून बघितलं नाही, मी आहे की गेलो. पुढच्या दहा पावलांवर जाऊन त्यानं दुसरी काडी ओढली.