हात वर, रेंज फुल्ल

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला मध्ये मध्ये थांबावं लागणार नाही. संकटाला पाठ दाखवून पळालेला माणूस पळता पळता त्याच संकटाच्या मांडीवर जाऊन बसला, असं कधी पाहिलंय? मी बसलोय. तेही एका गाडीच्या टपावर उभं राहून!

आमच्या सोसायटीची वार्षिक सभा तोंडावर आली होती. जुने सेक्रेटरी मुलाकडे बंगळुरूला जे गेले, ते परत यायचं नावच काढेनात. आता पुण्यात सोसायटीचा सेक्रेटरी होणं म्हणजे काय हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. टँकर आला नाही, लिफ्ट अडकली, वरच्यांचं बाथरूम खालच्यांच्या डोक्यावर गळलं, कबुतरांनी घाण केली. कबुतरं सोडून सगळे येऊन बोलणार सेक्रेटरीलाच! आणि यंदा सगळ्यांचा डोळा माझ्यावर. का? तर म्हणे, "तुम्ही हिंजवडीला आयटीत. तुम्हाला काय काम असतं!"

मी ठरवलं, सभेच्या रविवारी पुण्यात थांबायचंच नाही. सरळ एक कॅम्पर व्हॅन भाड्याने घेतली. आत पलंग, ओटा, बेसिन, सगळा संसार! पानशेतच्या पाण्याकाठी मुक्काम करायचा आणि सोमवारी तिथूनच ऑफिसचं काम. बायकोला मोठ्या रुबाबात म्हणालो, "मंजिरी, निसर्गात जाऊ या!"

"रविवारी सभा आहे ना?" ती म्हणाली. "मग निसर्ग आठवणारच."

डोंगराआड इंटरनेटचं काय? त्याचीही सोय केली. तपकीर गल्लीत जाऊन एक डोंगल आणि रेंज वाढवणारी अँटेना घेतली. दुकानदाराला विचारलं, "डोंगर मध्ये आला तरी रेंज येईल ना?"

"डोंगराचं आम्ही बघत नाही," तो म्हणाला. "अँटेना देऊ?"

रविवारी सकाळी पाण्याकाठी व्हॅन, आत मंजिरी पोहे करतेय, मी दूध आणायला रस्त्यापर्यंत गेलो. तिथे कशीबशी एक काडी रेंज आली आणि शेजारच्या नीलेशचा मेसेज टपकला: "सभा सुरू होतेय. तुझं नाव पक्कं केलंय सगळ्यांनी. ऑनलाइन ये आणि नाही म्हण, नाहीतर गेलास!"

मी फोन लावतोय तोवर ती काडीही गेली. दूध राहिलं, मी धावत व्हॅनमध्ये.

डोंगल लावलं. शून्य. अँटेना जोडली. शून्य! शेवटी लॅपटॉप काखेत मारून शिडीने टपावर चढलो आणि तो पडदा मागे कलवून समोर ठेवला. डोंगल आणि अँटेना एका हातात धरून धरणाकडे वळलो, रस्त्याकडे वळलो, वाकून पाहिलं. काही नाही. वैतागून हात डोक्यावर ताणला आणि काय सांगू, रेंज फुल्ल! पडद्यावर आमचं पार्किंग, खुर्च्या, आणि समोर अध्यक्ष पोंक्षेकाका.

पोंक्षेकाका खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. शिस्तीचा माणूस. मागच्या सभेत कुणाच्या तरी घरचा मिक्सर सगळ्यांना ऐकावा लागला, म्हणून यंदा त्यांनी ऑनलाइनवाल्यांचे आवाजही बंद ठेवले होते आणि लिहायची सोयही.

"सेक्रेटरीपदासाठी एकच नाव आहे," असं म्हणून त्यांनी माझं नाव घेतलं. "ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करावा."

माझा हात कुठे होता? आलं लक्षात? आणि कॅमेऱ्यात दिसत होता नुसता दंड. अँटेना चौकटीच्या वर!

"वा! उमेदवाराने स्वतःच सगळ्यांच्या आधी हात वर केलाय!" टाळ्या.

मी झटकन हात खाली घेतला. रेंज गेली. वर केला, सभा परत हजर.

"आले, आले. हात अजून वरच आहे. याला म्हणतात उत्साह!"

म्हणजे बघा, मी त्यांना दिसणार तो हात वर केलेलाच. हात खाली घेतला की मी नाहीच! मग मी जोरजोरात मान हलवली. पण चित्र अडखळत जात असावं, कारण काका म्हणाले, "डोलतायत बघा आनंदाने."

मग विषय निघाला, टँकरवाल्याशी कोण भांडणार? माझा हात वर. कबुतरांच्या जाळ्या कोण बसवून घेणार? हात वर. खांदा भरून आला, पण खाली घ्यायची सोय नाही!

"मंजिरी! वर ये! आधी वर ये!"

ती उलथनं घेऊनच आली. मी अँटेना तिच्या हातात कोंबली. "हे धर. उंच धर!"

"आणि तू काय करणार?"

"मी हात खाली ठेवणार!"

"एवढ्यासाठी मला पोह्यांवरून उठवलंस?" पण धरली बिचारीने. सभा आली. मी दोन्ही हात मांडीला चिकटवून ताठ उभा राहिलो. आता तरी कळेल की नाही?

पोंक्षेकाका गहिवरले. "आता तर मंजिरीताईंनीही हात वर केला! घरचा पाठिंबा आहे. आणि हे पाहा, कसे सावधान उभे राहिलेत! निवड एकमताने झाली असं मी जाहीर करतो."

खाली पोहे करपले होते. ते मुकाट्याने खाल्ले.

पुण्यात आल्या आल्या मी काकांचं दार वाजवलं. "काका, तो हात रेंजसाठी होता हो!"

"असेल," काका म्हणाले. "इतिवृत्तात हात लिहितात, कारण लिहीत नाहीत."

वर्षभर टँकर, लिफ्ट, गळती, कबुतरं. खरं सांगतो, जीव मेटाकुटीला आला. पुढच्या सभेला मी जातीने गेलो, पहिल्या रांगेत बसलो आणि राजीनामा दिला.

"यांचा राजीनामा मान्य असेल त्यांनी हात वर करावा," काका म्हणाले.

सगळं पार्किंग हात मांडीवर ठेवून बसलं. नाकावर माशी बसली तरी कुणी उडवेना. नीलेश बुटांकडे बघत होता. अहो, मंजिरीसुद्धा हलली नाही! अख्ख्या सभेत एकच हात वर होता, तो माझा. अगदी ताणून, टाचा उचलून.

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तुमचा धरत नाही," ते म्हणाले. "तुमचा रेंजसाठी असतो."