डिकीतला वास

"विचारा याला, पेट्रोल कुठं विकतो ते!" साहेब गरजले. ते उघड्या डिकीपाशी उभे होते. डिकीतून पेट्रोलचा वास येत होता आणि साहेबांच्या बोटांत पेटलेली सिगारेट होती. चोर पकडायच्या घाईत एवढ्या बारीक गोष्टीकडे कोण बघतो?

ऐंशीच्या दशकात खालापूरला हायवेलगत माझं गॅरेज होतं. साहेब मोठे अधिकारी. गाडी अमेरिकन, भावानं आखातातून पाठवलेली. ड्रायव्हर दगडू, कळंबचा.

"मिस्तरी, थेंब काढला नाय वं," दगडू रडकुंडीला आला होता. "सायेब पोलिसात देतो म्हनतात."

मी आधी सिगारेट विझवायला लावली. साहेबांना तो अपमान वाटला.

मग समजावलं. पेट्रोलची वाफ होते. आपल्या गाड्यांत ती खुशाल हवेत जाते. या गाडीत ती नळीतून पुढच्या काळ्या डब्यात जाते. डब्यात कोळसा असतो, तो वाफ धरून ठेवतो. नंतर इंजिन ती ओढून जाळतं.

"कोळसा? ही काय आगगाडी आहे?"

"नाही साहेब. आगगाडीत तरी कोळसा दिसतो."

नळीचं डब्याकडचं टोक सोडवून त्याला सायकलचा पंप जोडला. टाकीचं झाकण घट्ट लावलं. हळूच चार दट्टे मारले, जास्त मारले तर टाकी फुगते. नळी धड असेल तर हवा आत टिकते. इथं डिकीतून फुस्स आवाज आला. गालिचा उचलून नळीवर साबणाचं पाणी फिरवलं. एका जागी बुडबुडे फसफसले. नळीत स्क्रू घुसला होता. स्क्रू स्पीकरचा होता.

"स्पीकर कुणी बसवले?"

"मुंबईत बसवले. मी स्वतः उभं राहून बसवून घेतले," साहेब अभिमानानं म्हणाले. मग त्यांची नजर स्क्रूवर गेली.

मी म्हटलं, "वास या भोकाचा. पेट्रोलही इथूनच उडून जात होतं."

दगडू साहेबांच्या तोंडाकडे बघत राहिला. एक शब्द पुरला असता. साहेब मला म्हणाले, "ठीक आहे. तरी याच्यावर लक्ष ठेवावंच लागेल."

दगडूनं किल्ली बॉनेटवर ठेवली. "ठेवा लक्ष," म्हणाला आणि एसटी स्टँडकडे चालू लागला. साहेबांनी दोन हाका मारल्या. तो वळला नाही.

नळी मी अर्ध्या तासात बदलली. गाडी मात्र पाच दिवस माझ्या दारात उभी राहिली, कारण साहेबांना चालवता येत नव्हती. तेव्हापासून मोठ्या माणसांची गाडी आली की मी पहिला प्रश्न विचारायचो, "परत कोण नेणार?"