उष्टी चांदणी

आमच्या फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याला खेटून ओल्या फडक्यात गुंडाळलेली फांदी सापडली, की समजायचं, धाकटीचं नवं चित्र सुरू झालं. धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. शहरातल्या मोठ्या बागेत तिची नोकरी, आणि काम काय, तर झाडांची चित्रं काढायची. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा मला वाटलं, मजा आहे बुवा हिची, बसून रंगवायचं आणि पगार घ्यायचा! पण एका पानाची एक शीर चुकली म्हणून ही बाई अख्खा कागद फाडते, हे बघितल्यावर मी हात टेकले. "कोण बघतंय गं एवढं?" म्हटलं, तर म्हणे, "ताई, मी बघितलंय ना."

बघितल्याशिवाय रेघ नाही, हा तिचा नियम. अंदाजाने काही काढायचं नाही. म्हणून आमच्याकडे फळ आलं की आधी त्याचं चित्र, मग आमचं तोंड. तोवर ते मऊ पडलं तर पडलं. मुलं चिडायची, दीर कपाळाला हात लावायचे आणि मी भांडायची. ही आपली भिंगावरून डोकं वर काढून गोड हसायची. अशा माणसाशी भांडणार तरी कसं?

गेली काही वर्षं ती चिकूच्या कुळाच्या मागे लागली होती. चिकू, खिरणी आणि त्यांची सगळी चुलत-मावस भावंडं. बागेतल्या त्या झाडांचं पुस्तक निघणार होतं. सगळी चित्रं झाली, राहिलं एकच. जांभळ्या सालीचं, आडवं कापलं की मधे चांदणी दिसते ते फळ. आमच्या घरात त्याचं नावच चांदणीफळ पडलं होतं. बागेत त्याचं एकच झाड, तेही आतून पोखरलेलं. वादळात ते कलल्यावर तोडायचं ठरलं. त्याची उरलीसुरली फळं वटवाघळांनी संपवली. धाकटीने जाळीची पिशवी बांधून एक फळ तेवढं वाचवलं होतं. ते पिकेपर्यंत झाड उभं ठेवा, म्हणून तिने माळ्यांच्या किती विनवण्या केल्या! फळ घरी आलं आणि पुढच्याच आठवड्यात झाड पडलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

पानं काढून झाली होती, वरून हिरवीगार, खालून सोनेरी मखमल. अख्खं फळही झालं. उरली फक्त आतली चांदणी. सकाळी उजेड चांगला होता. तिने फळ कापलं, दोन्ही अर्धी बशीत ठेवली आणि दारावर कुणीतरी आलं म्हणून उठली. चांदणीची टोकं मोजायच्या आत उठली, हीच चूक.

परत येऊन बघते तर टेबलाशी सासूबाई! आमच्या सासूबाईंना त्या दिवसांत कशाचीच आठवण राहत नव्हती. कधी मला ओळखायच्या, कधी शेजारीण समजायच्या. एक अर्धं पोटात गेलेलं, दुसऱ्याचा लचका तोडलेला, आणि चिकाने ओठ चिकटून बसलेले. मुठीत बिया. मीही मागोमाग आले होते.

"अहो आई, हे काय करून बसलात!" मी ओरडलेच.

धाकटी खाली बसली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं. सासूबाई तशाच चिकट हातांनी तिचे डोळे पुसायला गेल्या. "कुणी गं रडवलं माझ्या पोरीला? सांग मला, बघतेच त्याच्याकडे." आणि माझ्याकडे असं रोखून बघितलं, की घ्या, म्हणजे मीच गुन्हेगार!

रडता रडता धाकटीला हसू फुटलं. तिने सासूबाईंच्या मुठीतल्या बिया हळूच सोडवून घेतल्या, बशी पुढे ओढली, त्या उष्ट्या अर्ध्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, खिडकीचा पडदा सरकवा. काळं पडायच्या आत काढते."

"हे? हे काढणार?"

"उरलंय ते हेच."

चित्र बागेत गेलं तेव्हा पुस्तकाच्या संपादक बाई घरी आल्या. चांगल्या आहेत बिचाऱ्या, पण त्यांचीही पंचाईत झाली होती. "अगं, दातांच्या खुणा दिसतायत! तेवढा तुकडा भरून टाक ना. उरलेली टोकं अशीच तर असणार."

"असतील," धाकटी म्हणाली. "पण मी बघितली नाहीत. चालत नसेल तर हे चित्र वगळा, माझी तक्रार नाही."

तक्रार नाही म्हणाली खरी, पण टेबलाखाली तिने माझा हात घट्ट धरला होता. बाईंनी चित्राकडे बघितलं, आतल्या खोलीत पडलेल्या सासूबाईंकडे बघितलं, आणि कागद पुन्हा पिशवीत घातला. "राहू दे असंच," म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला.

पुस्तक छापून आलं तोवर सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. धाकटीने उशाशी बसून त्यांना एकेक पान दाखवलं. शेवटच्या पानावर त्यांनी बोट ठेवलं. चांदणीची दोन-तीन टोकं गायब आणि तिथे पुढच्या दोन दातांच्या दोन खाचा. आमच्या घरात तेवढेच दोन दात उरलेलं माणूस एकच.

"हे कुणी गं उष्टं केलं?"

"होतं एक माणूस."

"खादाड मेलं!" सासूबाई खुदकन हसल्या. मग एकदम चेहरा उतरला. धाकटीची बाही धरून हळूच विचारलं, "त्याला फार रागावले का गं सगळे?"

"नाही हो, आई," धाकटी म्हणाली. "कुणी नाही रागावलं."