मैलापूरच्या सभेत गुराख्यांची गाणी

आज शोळिंगनल्लूरच्या आयटी कंपन्यांतली मराठी पोरं माझी गाणी कानात घालून फिरतात. पण बाबा त्यांना कायम 'गुराख्यांची गाणी' म्हणायचे. म्हणू देत! दोन पिढ्यांमागं साताऱ्याकडं आम्ही दुसरं काय राखत होतो? बाबा रेल्वेत लागले म्हणून चेन्नईला आलो, आणि कॉलनीत शेजारी राहणाऱ्या अँग्लो-इंडियन ड्रायव्हरकाकांनी मला गिटार आणि अमेरिकन गुराख्यांचं कंट्री संगीत दोन्ही शिकवलं. घर, रस्ता, गाडी, दुरावलेलं माणूस, एवढ्यावर ही गाणी चालतात. मला ती लगेच आपली वाटली.

पुढं कित्येक वर्षं मी एग्मोरच्या एका हॉटेलात दुसऱ्यांची इंग्रजी गाणी म्हटली. लोक जेवायचे, मी गायचे. घरी मात्र, बाबा बाहेरच्या खोलीत असताना, दार लावून मराठीत स्वतःची गाणी रचत होते. ती एकदा हॉटेलवाल्याला ऐकवली, तर म्हणाला, "मॅडम, बिर्याणीबरोबर ही चालणार नाहीत." मेल्याला काय कळतंय!

मग मराठी मंडळाच्या सेक्रेटरींच्या मागं हात धुऊन लागले. शेवटी मैलापूरच्या एका संगीत सभेचा, म्हणजे इथल्या गाण्याच्या संस्थेचा, हॉल त्यांनी मिळवून दिला. वर बजावलं, "बाई, लोक उठून गेले तर पुन्हा विचारू नका." मीही मनाशी ठरवलं, गेले तर माझी गाणी बंद, हॉटेल एके हॉटेल.

मंडळाचे लोक आलेच, आणि प्रवेश फुकट म्हणून मैलापूरचे पक्के कानसेनही आले. भाषा कळत नव्हती, पण मांडीवर ताल धरून बसले होते. बाबा पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. तिसरं गाणं माझं लाडकं, बाबांनी गाव सोडल्याचं:

गाव सुटलं, गाडी सुटली,
बोली काही सुटली नाही.

कडवं संपवून मी थांबले आणि साथीला घेतलेल्या माउथ ऑर्गनवाल्याला एकट्यानं वाजवायला मोकळं सोडलं. झालं! लोक उठायला लागले. रांगाच्या रांगा दाराकडं. आता हॉटेल एके हॉटेल, म्हटलं. मग डोक्यात प्रकाश पडला. अगं बये, जन्म गेला चेन्नईत आणि एवढं विसरलीस? गायक थांबून मृदंग एकटा वाजू लागला की कँटीनमध्ये कॉफीला जायचं, ही इथली रीतच आहे. रागावलं कुणीच नव्हतं, मीच त्यांना सुट्टी दिली होती!

माउथ ऑर्गनवाल्याला हातानं थांबवलं, गिटार सोडली आणि नुसत्या गळ्यानं, खड्या आवाजात पुढचं कडवं उचललं. दारात पोचलेले वळले. एक आजोबा तर माझ्याकडं बघत बघत चुकून दुसऱ्याच्याच खुर्चीत बसले. बघता बघता सगळा हॉल मांडीवर ठेका देऊ लागला. काय सांगू, अंगावर काटा आला माझ्या!

गाणं संपलं आणि पहिल्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!" बघते तर बाबा, चक्क उभे राहिलेले. मागची तमिळ मंडळीही तेच ओरडायला लागली. सेक्रेटरी घड्याळ दाखवून पुढचं गाणं घ्या म्हणून खुणावत होते. मी तिकडं बघितलंच नाही.

पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दुसऱ्या कडव्याला लक्षात आलं, बाबाही गातायत. बेसूर, पण मोठ्यानं. हे गाणं मी त्यांना कधीच ऐकवलं नव्हतं, आणि त्यांना ते शेवटच्या ओळीपर्यंत पाठ होतं.