ओगेनेवरची तिहाई

अमेरिकेत शॉमबर्गमधल्या आमच्या टाउनहाउसची भिंत इतकी पातळ होती, की पलीकडे कुणी शिंकलं तर बायको इकडून "ब्लेस यू" म्हणायची. त्या भिंतीला पाठ लावून मी रोज संध्याकाळी तबल्याचा रियाज करत असे. रियाज हा माझा शब्द. बायको त्याला "तुझं ते" म्हणायची. २००४ सालच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी दारावर टकटक झाली. दारात पलीकडचे शेजारी उभे होते. साठी ओलांडलेले, उंच, काळे, पांढरी दाढी, अंगात विटका स्वेटर. हे आता तक्रार करणार असं धरून मी आधीच सॉरी म्हणून टाकलं.

"मी बरेच दिवस ऐकतोय," ते इंग्रजीत म्हणाले. "शेवट जवळ आला की तू पळत सुटतोस. कोण लागतं तुझ्या मागे?"

अशी आमची ओळख झाली. ते नायजेरियातले, इग्बो समाजातले. जवळच्याच एका कॉलेजात आफ्रिकी संगीत शिकवायचे, स्वतः संगीतरचना करायचे, आणि आपल्या लोकांच्या चालीरीतींच्या इतिहासावर त्यांनी जाडजाड पुस्तकं लिहिली होती. त्यांच्या घरात जमिनीपासून छतापर्यंत टेपा होत्या. गावोगाव हिंडून लोकांची गाणी त्यांनी गोळा केली होती. बायकोनं लगेच त्यांचं नाव प्रोफेसरकाका ठेवलं आणि पोह्यांची बशी भिंतीपलीकडे जाऊ लागली.

आता माझ्या कलेविषयी. आमच्या मराठी मंडळात मला उस्ताद म्हणत. वासरांत लंगडी गाय शहाणी, त्यातला प्रकार. बाकीच्यांना डग्गा कुठला आणि तबला कुठला हेही ठाऊक नव्हतं. नागपूरला मी चार वर्षं शिकलो होतो. चौथ्या वर्षाच्या शेवटी गुरुजींनी वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मुलगा हुशार आहे, इंजिनिअरिंगला घाला." पुढची कित्येक वर्षं मला ते कौतुकच वाटत होतं.

तर एके दिवशी प्रोफेसरकाका म्हणाले, "माझ्या नव्या रचनेत वाजवशील का?" तेव्हा मी लाजल्यासारखं केलं आणि घरी येऊन कुर्ता इस्त्रीला काढला. त्यांनी हातात जे दिलं ते पाहून मात्र तोंड उतरलं. एका दांड्याला जोडलेल्या दोन लोखंडी घंटा, एक थोरली, एक धाकटी, आणि वाजवायला एक काठी. याला ओगेने म्हणतात. आधी वाजवणाऱ्या त्यांच्या विद्यार्थ्याला टेक्ससमध्ये नोकरी लागली होती, आणि जागा रिकामी होती. ढोल त्यांचे दुसरे विद्यार्थी वाजवणार. व्हायोलिनं होती, मोठा कोरस होता. मला एकच छोटासा ठेका, पाऊण तास, न बदलता.

घरी सराव सुरू केला तेव्हा आमची लेक म्हणाली, "बाबा, यू साउंड लाइक द आइस्क्रीम ट्रक."

रचना कशासाठी आहे ते त्यांनी मला एका संध्याकाळी सांगितलं. त्यांच्या गावाकडे एखादी थोर बाई गेली की तिच्या कुळातल्या माहेरवाशिणी परत येतात आणि एक गाणं म्हणतात. पुरुष ते म्हणत नाहीत. त्यांची आई ते गाणं म्हणायची, आणि तिचं ते गाजलेलं होतं. लोक लांबून ऐकायला येत. प्रोफेसरांनी लहानपणी ते ऐकलं, पहिली दोन कडवी लक्षात राहिली, तिसरं राहिलं नाही. मग तिकडचं युद्ध, मग शिक्षण, मग अमेरिका. आई गेली तेव्हा ते इथे होते, जाता आलं नाही. "हजार लोकांच्या आयांची गाणी माझ्याकडे टेपवर आहेत," ते म्हणाले. "माझ्या आईचं अर्धंच आहे."

तिसरं कडवं आता जगात एकाच माणसाला येत होतं: त्यांच्या थोरल्या बहिणीला. या बाई निवृत्त मुख्याध्यापिका. आमच्या घरात त्यांना आम्ही अक्का म्हणायला लागलो. प्रोफेसर दर रविवारी कॉलिंग कार्डावरून त्यांना फोन करत, तेव्हा भिंतीपलीकडून या मोठ्या विद्वानाचा वर्गात उभं केलेल्या मुलासारखा आवाज ऐकू यायचा. अक्कांचं म्हणणं एकच होतं. ते गाणं फोनवर म्हणत नाहीत. खुर्चीत बसून, एकटीनं, यंत्रापुढे तर नाहीच नाही. घंटा हवी, ढोल हवेत, माणसं हवीत, आणि वेळ आली तर आतून उठावंसं वाटायला हवं. "गाणं काय डब्यात भरून न्यायची वस्तू आहे?" असं त्यांनी भावाला झापलं होतं.

म्हणून प्रोफेसरांनी हा घाट घातला. दोन कडव्यांची रचना करायची, अक्कांना अमेरिकेला आणायचं, पुढच्या रांगेत बसवायचं. दुसरं कडवं संपलं की कोरस आणि व्हायोलिनं थांबतील. मागे राहील फक्त घंटा आणि हलके ढोल. तेवढी मोकळी जागा अक्कांसाठी. त्या उठल्या तर उठल्या. त्या नाहीच उठल्या तर प्रोफेसरांनी स्वतः रचलेलं तिसरं कडवं कोरस म्हणेल आणि कार्यक्रम संपेल. अक्कांना यातलं काही सांगायचं नव्हतं.

एवढं सगळं त्या घंटेवर टांगलेलं आणि घंटा माझ्या हातात. पहिल्याच तालमीत मी विचारलं, "सम कुठे आहे?" सम म्हणजे काय ते मला त्यांना समजावून सांगावं लागलं.

"कुणाची पहिली मात्रा?" ते म्हणाले. "गाणाऱ्यांची वेगळी, ढोलांची वेगळी, नाचणाऱ्यांच्या पायांची वेगळी. घंटेची कुठलीच नाही. सगळे तिला विचारून आपापली जागा घेतात, म्हणून तिनं हलायचं नाही."

मी मान डोलावली आणि अजिबात ऐकलं नाही. समेशिवाय ताल ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरेना, तेव्हा मी आपल्या मनानंच एक जागा सम म्हणून धरली आणि दर आवर्तनाला तिथे झोकात मान टाकू लागलो. दोन दिवसांत व्हायोलिनवाल्या मुली माझ्या मानेकडे बघून चुकू लागल्या. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी मुलींची तयारी कच्ची असल्याचं बोलून दाखवलं. प्रोफेसरांनी मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. हळूहळू ठेका बसला. निदान तसं आम्हा दोघांनाही वाटलं.

अक्का आल्या. डोक्याला निळं फडकं असं बांधलेलं, की मागच्या माणसानं जागा बदलावी. आमच्याकडे जेवायला आल्या तेव्हा लेकीला टेबलावरून कोपर खाली घ्यायला सांगितलं आणि लेकीनं मुकाट्यानं घेतलं, जे मला कधी जमलं नव्हतं. मला विचारलं, "घंटा तुम्ही वाजवणार?" मी हो म्हटलं. त्यांनी माझे हात निरखून पाहिले आणि भाजी घेतली.

कार्यक्रम एप्रिलमधल्या शनिवारी दुपारी, कॉलेजच्या सभागृहात होता. बायकोनं अर्ध्या मंडळाला ईमेल केलं होतं. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे एक हौशी डॉक्टर, सगळे त्यांना काका म्हणत. ते सुरू होण्याआधीच स्टेजजवळ येऊन म्हणाले, "यार, सोलो कधी आहे तुझा? त्याच्या आधी कॉफीचा ब्रेक घेऊन टाकतो."

"सोलो नाहीये काका."

"मॉडेस्टी सोड."

पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. कोरस थांबला. व्हायोलिनं खाली आली. हलके ढोल आणि माझी घंटा. प्रोफेसर प्रेक्षकांकडे पाठ करून उभे होते, हात वर. ते वळून बघणार नव्हते, तसं त्यांनी ठरवलंच होतं. मला अक्का समोरच दिसत होत्या. मांडीवर पर्स, पाठ ताठ, शाळेची तपासणी चालल्यासारखा चेहरा. त्या हलल्या नाहीत. मी वाजवत राहिलो. प्रोफेसरांचा हात वरच होता. त्यांची मला मनापासून दया आली.

आणि मग माझं लक्ष मंडळाकडे गेलं. बायको सरसावून बसली होती. तिला वाटलं, सगळे थांबले म्हणजे आता नवऱ्याचा सोलो. काकांनी मला भुवया उडवून "होऊन जाऊ दे" अशी खूण केली. अर्धं मंडळ गुडघ्यावर ताल धरून बसलं होतं. इतकी मोठी रिकामी जागा, इतके जाणकार, आणि मी नुसता टिंग टाँग करत बसलेला. माझा हात आपोआप वळला. मी तिहाई घेतली. एकच तुकडा तीनदा, चढत्या लयीत, अर्थातच पळत सुटून, आणि जिथे सम नव्हती तिथे दाणकन आपटलो.

"क्या बात है!" काका ओरडले. मंडळानं टाळ्यांचा कडकडाट केला. अमेरिकन प्रेक्षकांना वाटलं संपलं, त्यांनीही केला. ढोल बावचळून थांबले. परत ठेका धरायचा कुठून ते मला काही केल्या आठवेना.

अक्का उठल्या. पर्सचा खटका लावला, ती शेजारच्या अनोळखी बाईच्या मांडीवर ठेवली आणि सावकाश स्टेजच्या पायऱ्या चढून माझ्यासमोर येऊन हात पुढे केला. शाळेत असताना माझ्याकडून गोट्या अशाच हातानं जप्त व्हायच्या. मी घंटा दिली, काठीही दिली. भावाकडे बघून त्या इग्बोमध्ये काहीतरी कडक बोलल्या. त्याचा अर्थ मला नंतर कळला: "आईचं गाणं चाललंय आणि हा माणूस बागडतोय. तू याला शिकवलं नाहीस?"

मग त्यांनी ठेका धरला. तोच, मी महिनाभर घोटलेला, पण ढोलवाले कुणी न सांगता त्यात आले. दोन आवर्तनं त्या नुसत्या वाजवत राहिल्या. मग कमरेत किंचित वाकून, पाय घासत, त्या चालायला लागल्या आणि तिसरं कडवं म्हणाल्या. आवाज म्हातारा होता, जाड होता, मधेच फाटत होता. प्रोफेसरांचा हात खाली आला. त्यांनी मनानं रचलेला शेवट कुठल्या कुठे राहिला होता. ते साठीचे गृहस्थ सगळ्यांदेखत रडत उभे होते आणि मी स्टेजच्या कडेला कुर्ता सावरत, शरमेनं मेल्यासारखा झालो होतो.

परतताना बायको गाडीत इतकंच म्हणाली, "मी मंडळाला बोलवायला नको होतं." काकांनी मात्र माझं अभिनंदन केलं.

अक्का गावी परतल्या. ते गाणं त्या पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत आणि दुसऱ्या वर्षी गेल्या. कॉलेजनं कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग केलं होतं, तेवढंच काय ते उरलं. प्रोफेसर ते दर वर्षी वर्गात लावतात असं मला पुढे कळलं. त्यात आधी माझी तिहाई, मग काकांचं "क्या बात है", मग टाळ्या, मग पर्सचा खटका आणि मग अक्का. मी प्रोफेसरांकडे गेलो. म्हटलं, सर, माझ्याकडे सॉफ्टवेअर आहे, आधीचं सगळं मी आज कापून देतो, कुणाला कळणारही नाही.

"हात लावू नकोस," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी विनवलं, माझ्यासाठी ती उठली नाही. तुझं ऐकवेना म्हणून उठली. ते राहू दे."