बहिणीच्या स्वयंपाकघरातली शाळा

धाकट्या बहिणीने, उन्सोलने, लेकीला प्राथमिकनंतर शाळेत घातलंच नाही, तेव्हा कुमजूला आधी हसूच आलं. "जिला अपूर्णांकांची बेरीज मी रडवून रडवून शिकवली, ती आता घरी मास्तरीण!" असं ती शिक्षकांच्या खोलीत सांगत सुटली. कुमजू दक्षिण कोरियातल्या जेचन गावच्या माध्यमिक शाळेत एकोणीस वर्षं गणित शिकवत होती. हे खूळ चार महिन्यांत उतरेल, अशी तिची खात्री होती.

उतरलं नाही. उलट गावात तशी आणखी सहा घरं निघाली. दर बुधवारी त्यांची मुलं उन्सोलच्या स्वयंपाकघरात जमू लागली. कोणाचे वडील सुतारकाम शिकवायचे, कोणाची आई इंग्रजी.

एकदा रजा घेतलेल्या दिवशी सकाळी कुमजू डबा परत द्यायला गेली. नऊ वाजले होते आणि मायलेकी अजून भात-सूप घेऊन बसलेल्या. भाची राओन हातवारे करून काहीतरी सांगत होती, उन्सोल पोट धरून हसत होती. कुमजूची लेक दाइन सकाळी उभ्याउभ्या केळं कोंबून शाळेला पळायची, मग एक क्लास, मग दुसरा. दिवसभरात आईशी बोलणं काय, तर "टॉवेल कुठे?" आणि "येते." कुमजू दारातूनच परतली. त्या दिवसापासून तिच्या पोटात जे दुखू लागलं, ते थांबेना.

तिने आईला फोन केला. "शाळा सक्तीची आहे म्हटलं. उद्या उन्सोलला दंडाची नोटीस आली म्हणजे?"

अशा घरांना सहसा कोणी हात लावत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. म्हातारी मात्र हबकली आणि उन्सोलशी रडून भांडली.

नोव्हेंबरात किमची घालायला सगळ्या आईकडे जमल्या. खारवलेल्या कोबीच्या पानांना तिखट मसाला चोळता चोळता कुमजूने सगळ्यांदेखत राओनला एक समीकरण घातलं.

"नाही येत, मावशी," राओन बिनदिक्कत म्हणाली. "आमच्यात ते कोणालाच शिकवता येत नाही. तू शिकवशील?"

कुमजूचे कान तापले. पोरी पाणी आणायला गेल्यावर उन्सोल हळूच म्हणाली, "ताई, आईचे कान तूच भरलेस ना?"

"हो."

"का गं?"

"तुझी लेक तुझ्याशी बोलते म्हणून."

उन्सोलने आणखी एका पानाला मसाला चोळला. मग म्हणाली, "शनिवारी ये. दाइनलाही आण."

कुमजू जाऊ लागली. पुढच्या ऑगस्टात राओन बाहेरून माध्यमिकच्या परीक्षेला बसली, गणितात पंचाण्णव मिळाले. आता शिक्षकांच्या खोलीत कुमजू "माझी भाची" म्हणून सांगायची.

पण मत्सर काही गेला नाही. ती राओनला समीकरणं शिकवत असे, तेव्हा दाइन स्वयंपाकघरात मावशीपाशी बडबडत बसे. कुमजूचा एक कान तिकडेच. वर्गातल्या दोघींनी दाइनशी बोलणं टाकलंय, हे तिला असं भिंतीपलीकडून कळलं. ते उन्सोलला आधी कळावं, याने तिचा जीव जळला.

परतताना तिने विचारलं, "त्या दोघी अजून बोलत नाहीत का गं?"

दाइन दचकली. "ऐकत होतीस?"

"हो. दर शनिवारी ऐकते."

दाइन रागावली, थोडं अंतर पुढे चालली. मग बसथांब्यावर बाकावर सरकून आईला जागा दिली आणि म्हणाली, "एकीने कालच मेसेज केलाय. पण मी उत्तर दिलं नाही."

"का?" कुमजूने विचारलं. बस आली, गेली. दाइन सांगत होती.