शून्य म्हणू नका

"शून्य म्हणू नका," असं म्हणताना सरांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट वर जायचं. पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत त्या बोटाचा भारी दरारा. चहावाला "आज साखर शून्य" म्हणाला, तरी ते उठायचंच.

अतिवाहक धातूंवर त्यांनी उभी हयात घालवली. असा धातू खूप गार केला की वीज त्यातून विरोधाशिवाय वाहते, हे तुम्हीही कुठंतरी वाचलं असेल. सर म्हणायचे, "एका दिशेनं वाहते तोवर ठीक. सेकंदाला अब्जावधी वेळा दिशा बदलायला लावा, मग बघा. जोडीनं चालणारे इलेक्ट्रॉन चटकन मागे वळत नाहीत, त्यांना रेटावं लागतं. त्या रेट्यात एकटेदुकटे धडपडतात आणि धातू तापतो. किंचित, पण तापतो. शून्य फक्त परीक्षेत मिळतं, तेही आपल्यासारख्यांना."

'आपण' म्हणजे मी. एकदा धातूची उष्णता दाखवणारी रेघ सपाट शून्यावर आली आणि मी धावत जाऊन पेढे आणले. सरांनी आधी पेढा खाल्ला, मग बोट वर केलं. "अहो, तार निघाली असेल. बघा." निघालीच होती! तेव्हापासून कुठलीही रेघ सपाट झाली की आम्ही सगळे ओरडायचो, "तार निघाली!"

गेल्या महिन्यात जिना चढताना सरांच्या छातीत दुखलं. दुसऱ्या दिवशी मी रुग्णालयात गेलो, तर स्वारी उशीला टेकून बसलेली. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, शेजारीच होत्या. डॉक्टर त्यांना म्हणाले, "आता धोका शून्य."

सरांनी बोट उचललं. त्याला नाडी मोजायचा चिमटा लावलेला होता. "शून्य म्हणू नका, अहो."

आम्ही सगळे हसलो. डॉक्टर पुढच्या खोलीत गेले. काकू मोसंबं सोलायला बसल्या. मी निघायला वळलो आणि उशाजवळच्या पडद्यावरची, हृदयाचे ठोके दाखवणारी रेघ सपाट झाली.

तुम्हाला वाटेल मी घाबरलो. छे! मी सवयीनं म्हणालो, "तार निघाली."

सिस्टर धावली. डॉक्टर धावत परत आले, सरांची छाती दाबत राहिले. मी नुसता उभा होतो. आत्ता तर बोलत होता हा माणूस! मला आजही ते खरं वाटत नाही.

शेवटी डॉक्टर बाजूला झाले. काकूंनी माझा दंड घट्ट धरला. "अरे, नीट बघ ना. तूच म्हणालास ना, तार निघाली म्हणून?"

मी एकेक तार चाचपली. सगळ्या जागेवर होत्या. चिमटाही बोटावरच होता आणि बोट चादरीवर.